विवर्धकाचा हिशेब शेवटाकडून मांडावा

ज्यांच्या घरी जुना रेकॉर्ड-प्लेअर अद्याप जपून ठेवलेला आहे आणि त्यासाठी एखादा लहानसा ट्रान्झिस्टरचा विवर्धक, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, स्वतःच्या हाताने जोडण्याची ज्यांना हौस आहे, त्यांच्यापैकी पुष्कळांना पहिल्याच संध्याकाळी एक विलक्षण अनुभव येतो. तबकडी फिरू लागते, गाणाऱ्याचा कंठ ओळखू येतो, झांजांचा खणखणाट तर हवा त्याहून अधिक स्पष्ट येतो. परंतु तंबोऱ्याचा खर्ज नाहीसा झालेला असतो, आणि डग्गा वाजतो आहे की केवळ त्याची आठवण वाजते आहे, अशी शंका यावी इतका तो क्षीण झालेला असतो. मग सुईवर संशय येतो, स्पीकरवर येतो, पुण्यातल्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या कंडेन्सरवर येतो. माझ्या पहिल्या विवर्धकाच्या वेळी मी आठवडाभर स्पीकर बदलून पाहत होतो, आणि ज्या तीन रेझिस्टरांकडे पाहावयास हवे होते त्यांच्याकडे मी एकदाही पाहिले नव्हते.

क्रिस्टल पिकअपमधला स्फटिक सुईच्या कंपनाने दाबला-वाकवला जातो आणि अर्ध्या व्होल्टाच्या आसपासचा दाब निर्माण करतो, हे खरे. परंतु विद्युत्-दृष्ट्या तो एका लहानशा कंडेन्सरसारखा वागतो, आणि त्याची धारिता ठोकळमानाने १००० पिकोफॅरड धरली, तर पुढे जो काही रोध जोडलेला असेल त्याच्याशी मिळून हा कंडेन्सर खालचे स्वर गाळून टाकणारी चाळणी बनवतो. पुढचा रोध १ मेगओहम असेल तर ही गळती १६० हर्ट्झच्या खाली सुरू होते, २.२ मेगओहम असेल तर ७२ हर्ट्झच्या खाली. आणि तोच १० किलोओहम असेल तर ती १६,००० हर्ट्झपासूनच, म्हणजे मानवी श्रवणाच्या जवळजवळ वरच्या हद्दीपासूनच, सुरू होऊन दर सप्तकाला आवाज निम्मा करीत खाली येते. झांज का वाचली आणि डग्गा का बुडाला, याचा संपूर्ण खुलासा या तीन आकड्यांत आहे. विवर्धकाच्या तोंडाशी संदेशाला जो रोध भेटतो त्याला शास्त्रीय परिभाषेत आदान-संरोध म्हणतात, बाजारात आणि प्रयोगशाळेत त्यालाच सर्रास इनपुट इम्पिडन्स म्हणतात. आणि तो किती असावा हे विवर्धकाने ठरवावयाचे नसून त्याच्या मागे जो उगम जोडायचा आहे त्याने ठरवावयाचे असते.

व्हॉल्व्हच्या काळात हा प्रश्न फारसा कोणाला पडत नसे. व्हॉल्व्हची जाळी ऋण दाबावर ठेवली की ती प्रवाह घेतच नाही म्हटले तरी चालेल, आणि जाळीपासून जमिनीपर्यंत १ मेगओहमचा रेझिस्टर लावण्याची वहिवाटच पडून गेली होती. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जो पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला, त्याचा स्वभाव निराळा होता: त्याच्या तोंडाशी रोध अल्प आणि शेवटाशी अधिक. जॉन पिअर्स यांनी सुचविलेल्या त्याच्या नावातच रेझिस्टन्स या शब्दाचा अंश आहे. ट्रान्झिस्टरचा बेस प्रवाह मागतो, थोडा का होईना पण मागतोच. आणि हा तगादा पुरविण्याची ऐपत मागच्या उगमात आहे की नाही, याची चौकशी प्रत्येक जुळणीपूर्वी करावी लागते.

आता एक प्रत्यक्ष टप्पा घेऊन त्याचा ताळेबंद मांडू. बीसी ५४७ हा सहज मिळणारा ट्रान्झिस्टर घ्यावा, १२ व्होल्टांचा पुरवठा घ्यावा, बेसला वरून १२० किलोओहम आणि खालून २२ किलोओहम असे दोन रेझिस्टर जोडावेत, कलेक्टरमध्ये ५.६ किलोओहम आणि एमिटरमध्ये एकूण १ किलोओहम ठेवावा. ट्रान्झिस्टरची प्रवाहवृद्धी, जिला आपण बीटा म्हणतो, ती २०० धरली, तर बेसवर सुमारे १.७५ व्होल्ट येतात, एमिटरवर १.१ व्होल्ट, आणि म्हणून कलेक्टरमधून १.१ मिलिअँपिअर प्रवाह वाहून तेथे सुमारे ५.८ व्होल्ट स्थिरावतात. ही झाली स्तब्ध अवस्था. एमिटरच्या आतला जो लपलेला रोध आहे, तो २५ मिलिव्होल्टांना एमिटरच्या प्रवाहाने भागले असता मिळतो. येथे तो २३ ओहम येतो, आणि पुढच्या सर्व हिशेबात हा लहानसा आकडा पुन्हा पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

एमिटरचा संपूर्ण रेझिस्टर मोठ्या कंडेन्सरने झाकला, म्हणजे तो कंडेन्सर त्याला समांतर जोडला, तर बेसमध्ये पाहिले असता २३ ची २०० पट, म्हणजे ४.६ किलोओहम दिसतात. त्यांना बेसच्या दोन रेझिस्टरांची समांतर जोड, म्हणजे १८.६ किलोओहम, मिळाली की आदान-संरोध ३.७ किलोओहम उरतो. विवर्धन मात्र भरघोस, सुमारे २४०. उलट, कंडेन्सर मुळीच न लावता एमिटरचा १ किलोओहम उघडा ठेवला, तर बेसमध्ये दोन लाखांहून अधिक ओहम दिसतात. पण वाचकांनी येथे फसू नये, कारण बेसचे ते दोन रेझिस्टर आपल्या जागी तसेच उभे असतात आणि त्यांच्यामुळे एकूण संरोध १७ किलोओहमांच्या वर जातच नाही, आणि विवर्धन तर साडेपाचावर येते. माझ्या मते सामान्य कामासाठी सर्वांत समंजस तडजोड अशी, की एमिटरमध्ये १०० ओहम उघडा ठेवावा, त्याच्या खाली ९१० ओहम ठेवून तेवढाच कंडेन्सरने झाकावा: संरोध १०.६ किलोओहम, विवर्धन ४५. बीसी ५४७ चा बीटा नगागणिक ११० पासून ८०० पर्यंत कोठेही असू शकतो. ए, बी, सी या गटांची अक्षरे याच तफावतीची नोंद करतात. पूर्ण झाकलेल्या एमिटरच्या जुळणीत ही तफावत आदान-संरोधात मोठ्या प्रमाणात उतरते. १०० ओहम उघडे ठेवले म्हणजे ती पुष्कळशी दबते, कारण मग बेसच्या दोन रेझिस्टरांचा वाटा मोठा होतो, आणि ते तर आपण स्वतः निवडलेले असतात.

कंडेन्सरांविषयी एकच गोष्ट सांगून पुढे जातो. एमिटरचा कंडेन्सर ९१० ओहमांच्या समोर बसतो असे पुष्कळांना वाटते आणि ते २५ मायक्रोफॅरडवर समाधान मानतात. वस्तुतः त्याला समोर दिसतो तो एमिटरच्या बाजूचा अल्प रोध. २० हर्ट्झपर्यंत जावयाचे असेल तर आपल्या जुळणीत १०० मायक्रोफॅरड घालावेत, आणि एमिटर पूर्ण झाकावयाचा असेल तर सुमारे ३५० लागतात. बेसकडील कंडेन्सर १ मायक्रोफॅरड असला तरी पुरतो.

येथवर विवर्धकाच्या तोंडाचा विचार झाला. शेवटाशी जो प्रश्न उभा असतो त्याला व्होल्टेज स्विंग म्हणतात. आपण त्याला हेलकावा म्हणू, कारण कलेक्टरवरील दाब आपल्या स्तब्ध जागेभोवती खरोखरच वर-खाली हेलकावतो आणि दोन्ही बाजूंना त्याची हद्द मुक्रर झालेली असते. आपल्या टप्प्यात कलेक्टर ५.८ व्होल्टांवर उभा आहे. खाली तो एमिटरच्या १.१ व्होल्टांहून जेमतेम ०.२ व्होल्ट वर इतकाच जाऊ शकतो, म्हणजे खालच्या दिशेने मुभा साडेचार व्होल्टांची. वरच्या दिशेने पुरवठा १२ व्होल्टांचा असल्यामुळे ६ व्होल्टांहून अधिक मुभा आहे, असे कागदावर दिसते. आणि नवशिका संकल्पक नेमका येथेच थांबतो, कारण त्याच्या आकृतीत पुढचा टप्पा अजून जोडलेलाच नसतो.

पुढे १० किलोओहमचा भार, समजा आवाजाचा कंट्रोल, कंडेन्सरमार्फत जोडला की चित्र पालटते. कलेक्टर वर चढतो तो ट्रान्झिस्टर त्याला वर ढकलतो म्हणून चढत नाही. ट्रान्झिस्टर आपला प्रवाह कमी करतो, आणि मोकळा झालेला प्रवाह कलेक्टर-रेझिस्टरमधून भाराकडे वळतो. ट्रान्झिस्टरकडे सोडून देण्याजोगा प्रवाह एकूण १.१ मिलिअँपिअरच असल्यामुळे, वर चढण्याची मर्यादा १.१ मिलिअँपिअर गुणिले ५.६ व १० किलोओहम यांची समांतर जोड, म्हणजे ३.६ किलोओहम, इतकीच, गुणाकार ३.९ व्होल्ट येतो. पुरवठ्यात जागा शिल्लक असूनही हेलकावा ३.९ व्होल्टांवर कापला जातो. प्रवाह आणि दाब यांची सांगड दाखविणारी प्रत्यावर्ती प्रवाहाची भाररेषा, म्हणजे लोड लाइन, सांगते ते हेच, आणि ती एकदिश प्रवाहाच्या भाररेषेहून नेहमीच अधिक तीव्र उताराची असते. भार १० किलोओहमच राहणार असेल तर आपली जुळणी जवळजवळ आदर्श आहे: वर ३.९, खाली ४.५. परंतु पुढे जर पूर्ण झाकलेल्या एमिटरचा तसाच दुसरा टप्पा, ३.७ किलोओहम संरोधाचा, जोडला, तर समांतर जोड २.२३ किलोओहम होते आणि वरची मुभा २.४५ व्होल्टांवर येते.

आदान-संरोध हे एक प्रकरण आणि हेलकावा हे दुसरे, अशी विभागणी पुस्तके सोयीसाठी करतात, आणि विद्यार्थीही ती तशीच मनात ठेवतात. पण पुढच्याचा आदान-संरोध हाच मागच्याचा भार असतो, आणि मागच्याचा हेलकावा त्या भारावरच वसूल केला जातो. दोन्हींची रुजवात एकाच रकमेशी घालावी लागते, आणि ती रक्कम म्हणजे कलेक्टरचा प्रवाह. वरच्या ३.७ किलोओहम भाराला अधिक हेलकावा द्यावा म्हणून प्रवाह दुप्पट केला, २.२ मिलिअँपिअर, आणि त्या बेताने कलेक्टरमध्ये २.७ किलोओहम लावून एमिटर व बेसचे रेझिस्टर निम्मे केले, तर वरची मुभा २.४५ वरून ३.४ व्होल्टांवर जाते, दीडपटही नाही. पण एमिटरचा आतला रोध २३ वरून साडेअकरा ओहमांवर येतो, आणि या टप्प्याचा स्वतःचा आदान-संरोध ३.७ वरून १.८५ किलोओहमांवर, म्हणजे बरोबर निम्म्यावर, घसरतो. ते ओझे आता त्याच्याही मागच्या टप्प्याच्या डोक्यावर बसते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की विवर्धकाचा हिशेब पिकअपकडून सुरू करू नये. शेवटच्या भाराला किती व्होल्टांचा हेलकावा हवा हे प्रथम ठरवावे, त्यावरून शेवटच्या टप्प्याचा प्रवाह, त्या प्रवाहावरून त्याचा आदान-संरोध, तो संरोध मागच्या टप्प्याचा भार, असे पायरीपायरीने मागे येत उगमापर्यंत पोहोचावे. उगमाशी आल्यावर जो संरोध उरतो तो उगमाला पटणारा नसेल, तर मधे एखादा टप्पा घालण्याची तजवीज करावी.

कापला न जाणारा हेलकावा आणि शुद्ध हेलकावा यांतही मोठे अंतर आहे, आणि ते ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ विवर्धक कर्कश होतात. पूर्ण झाकलेल्या एमिटरच्या टप्प्यात, उगमाचा रोध अल्प असता, बेसवर १ मिलिव्होल्टाचे शिखर दिले की दुसऱ्या संनादाचे विरूपण सुमारे १ टक्का होते, आणि पुढे ते शिखराच्या प्रमाणात वाढत जाते. १० किलोओहम भारावर १५६ विवर्धनाने १ मिलिव्होल्टाचे ०.१६ व्होल्ट होतात. म्हणजे ३.९ व्होल्टांची मुभा असलेल्या टप्प्यातून १ टक्क्याच्या आत मिळणारा शुद्ध भाग एवढासाच. तोच १०० ओहम उघडा ठेवला तर तेवढ्याच विरूपणात ०.८ व्होल्ट मिळतात. विवर्धन कमी झाले म्हणून हळहळणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी-शेजारी मांडून पाहावेत. मला तर त्या १०० ओहमांहून अधिक उपयुक्त असा एकही रेझिस्टर या जुळणीत दिसत नाही. विवर्धन कमी असण्याचा आणखीही एक लाभ आहे: कलेक्टर आणि बेस यांच्यामधली तीनेक पिकोफॅरडची धारिता विवर्धनाच्या पटीत फुगून तोंडाशी येते, ज्याला १९२० मध्ये त्याचे विवेचन करणाऱ्या मिलर यांच्या नावाने ओळखतात, २४० विवर्धनाला ती सातशेंहून अधिक पिकोफॅरड होते आणि वरचे स्वर खाऊ लागते, ४५ ला मात्र दीडशेच्या आतच राहते.

आता पिकअपकडे वळू. १०.६ किलोओहमांवर क्रिस्टल पिकअप थेट जोडता येत नाही हे आरंभीच दिसले. मालिकेत १ मेगओहमचा रेझिस्टर घालणे हा सर्वांत सोपा उपाय. खर्ज त्याने परत येतो, पण संदेशाचा ९५ वा भागच उरतो आणि त्या मोठ्या रेझिस्टरची स्वतःची सरसर पुढच्या टप्प्यात वाढून ऐकू येते. दुसरा उपाय एमिटर-फॉलोअरचा, ज्यात संदेश कलेक्टरवरून न घेता एमिटरवरून घेतात, विवर्धन एकाहून किंचित कमी असते, पण आदान-संरोध भाराच्या बीटापट होतो. पुरवठ्यापासून जमिनीपर्यंत १०० किलोओहमांचे दोन रेझिस्टर मालिकेत जोडावेत, त्यांच्या सांध्यापासून बेसपर्यंत ४७ किलोओहम घालावा, एमिटरमध्ये ४.७ किलोओहम ठेवावा आणि एमिटरवरून त्या सांध्याला एक १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर द्यावा. सांधाही मग बेसबरोबरच हेलकावतो, ४७ किलोओहमच्या दोन्ही टोकांशी जवळजवळ सारखाच दाब राहतो, आणि तो रेझिस्टर संदेशाला कित्येक मेगओहमांचा भासतो. याला बूटस्ट्रॅपिंग म्हणतात. पुढे आपला १०.६ किलोओहमचा टप्पा जोडला असता, २०० बीटाला एकूण आदान-संरोध साडेपाच लाख ओहमांच्या जवळपास जातो. सी गटाचा ट्रान्झिस्टर घातल्यास दहा लाख ओलांडता येतात. मात्र खर्जाच्या अगदी तळाशी पोहोचावयाचे असेल तर माझा कल फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टरकडे आहे. आपल्याकडील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत परिचित असलेला बीएफडब्ल्यू १० घ्यावा, त्याच्या गेटला २.२ मेगओहमचा रेझिस्टर द्यावा, आणि व्हॉल्व्हच्या काळातली ती निश्चिंत वहिवाट पुन्हा सुरू करावी.

एमिटर-फॉलोअरच्या हेलकाव्याविषयी एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. एमिटर ६ व्होल्टांवर ठेवला, पुरवठा १२ व्होल्टांचा आहे, सबब वर-खाली ६ व्होल्ट मिळतील, असे समजून लोक त्याला कमी ओहमांचा भार जोडतात. वर चढताना ट्रान्झिस्टर हवा तेवढा प्रवाह देतो. खाली उतरताना मात्र भाराचा प्रवाह परत ओढून घेण्याचे काम त्या बिचाऱ्या एमिटर-रेझिस्टरकडे असते. रेझिस्टर ४.७ किलोओहम आणि भार १ किलोओहम असेल, तर खालची मुभा ६ व्होल्ट भागिले ५.७, म्हणजे १.०५ व्होल्ट. त्यापुढे ट्रान्झिस्टर बंद पडतो आणि लाटेचा तळ सपाट होतो. तेथे अधिक हेलकावा हवा असल्यास एमिटरचा रेझिस्टर लहान करून प्रवाह वाढविणे भाग आहे, आणि त्याचा दंड पुन्हा आदान-संरोधात भरावा लागतो.

जुळणी पुरी झाल्यावर मोजमापाला बसाल तेव्हा मीटरलाही आदान-संरोध असतो याचा विसर पडू देऊ नये. २०,००० ओहम प्रति व्होल्टचा काट्याचा मीटर अडीच व्होल्टांच्या पट्ट्यावर ५० किलोओहमांचा असतो. आपल्या टप्प्याच्या बेसवर तो लावला की १.७५ ऐवजी १.३ व्होल्ट दाखवितो, आणि लावून ठेवलेला असेतोपर्यंत ट्रान्झिस्टरचा प्रवाहही खरोखरच घटवतो. म्हणून अशा मीटरने एमिटरवर मोजावे, जेथे रोध अल्प आहे, आणि त्यात ०.६५ मिळवून बेसचा दाब समजावा. १० मेगओहमच्या डिजिटल मीटरला ही अडचण नाही. आदान-संरोध प्रत्यक्ष मोजण्यासाठी ऑसिलेटरमधून १००० हर्ट्झचा, चार-पाच मिलिव्होल्टांचा संदेश द्यावा, त्याच्या मार्गात एक ५० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर मालिकेत घालून तो शून्यावर ठेवावा, शेवटाशी किती दाब येतो ते टिपून घ्यावे, आणि मग पोटेन्शिओमीटर वाढवीत तो दाब बरोबर निम्मा करावा. त्या क्षणी पोटेन्शिओमीटरचा रोध आणि विवर्धकाचा संरोध समसमान असतात. पोटेन्शिओमीटर सोडवून ओहममीटरवर मोजला की काम झाले.

हेलकाव्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो. खरा भार जोडलेला असतानाच संदेश हळूहळू वाढवीत जावे आणि कलेक्टरवरील लाटेचे कोणते टोक प्रथम चेपते ते पाहावे. वरचे टोक आधी चेपले तर प्रवाह अपुरा आहे. १२० किलोओहमच्या जागी १०० किलोओहम लावून पाहावा. खालचे आधी चेपले तर प्रवाह अधिक झाला आहे. १५० किलोओहमकडे जावे. दोन्ही टोके एकदमच चेपू लागतील असा रेझिस्टर सापडला की विवर्धक तासभर चालता ठेवावा, ट्रान्झिस्टर तापून स्थिर झाल्यावर तीच परीक्षा पुन्हा घ्यावी, आणि मगच तो रेझिस्टर कायमचा सोल्डर करावा.